ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग?

‘घरातले वेळेवरून होणारे वाद’ या विषयावर पत्रं मागवली होती. आली ती बहुतेक फोनबद्दलच. फोन उचलत नाही, फोन ठेवत नाही, वेळेवर करत नाही, नको तेव्हा करतो. म्हणजे विषय माझ्या गल्लीतलाच निघाला. नव्या वाचकांसाठी सांगते, मी कोल्हापूरला टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते, म्हणजे बाहेरगावचे फोन (ट्रंक कॉल) बोर्डावर जोडून द्यायचे. ट्रंक बोर्डाचं काम आटत गेलं तशी चौकशीच्या टेबलावर आले आणि तिथूनच निवृत्त झाले. मानसशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण माणसं एकमेकांशी बोलायला किती थांबतात, थांबताना किती चिडतात आणि कॉलच्या तीन मिनिटांत काय काय उरकतात, हे कानाला हेडसेट लावून वर्षानुवर्षं अनुभवलंय. (दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नसतं, हे खरं. पण लाइन जोडल्याची खात्री करताना चार शब्द कानावर पडतातच.)

ताई, माझा मुलगा पुण्यात आयटीत आहे. मी फोन केला की कट करतो आणि मेसेज येतो, ‘मीटिंगमध्ये आहे, काही अर्जंट?’ आईनं मुलाला फोन करायला अर्जंट कारण लागतं का? परवा म्हणाला, ‘आई, आधी मेसेज टाकत जा, मग फोन कर.’ मी काय त्याची क्लायंट आहे? माझ्या माहेरी दारात आलेल्या माणसाला ‘आधी का नाही कळवलंत’ असं कधी कुणी विचारलं नाही. आणि हा स्वतः फोन करतो रात्री साडेदहाला, तेव्हा माझा डोळा लागलेला असतो.
— निवृत्त शिक्षिका, वय ६४, नाशिक

तुम्ही क्लायंट नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. क्लायंटचा फोन त्यानं कट केला नसता.

रागावू नका. तुमचं दुखणं खरं आहे, पण माहेरच्या दाराचा दाखला इथे लागू पडत नाही. दारात आलेला माणूस ओटीवर बसतो, पाणी पितो, पेपर चाळतो. घरातली बाई हातातली कणीक मळत मळत त्याच्याशी बोलते. त्याच्यासाठी काम थांबवावं लागत नाही. फोन तसा नाही. तो वाजला की हातातलं टाकून घ्यावाच लागतो. म्हणून फोनच्या बाबतीत आपली पिढीसुद्धा कळवल्याशिवाय वागत नव्हती. आठवून बघा. गावात फोन एकाच घरी, वकिलांकडे नाहीतर डॉक्टरांकडे. तिकडून आधी पोस्टकार्ड यायचं, ‘रविवारी सकाळी नऊला वकीलसाहेबांकडे येऊन थांबा, फोन करतो.’ हा ‘आधी मेसेज, मग फोन’च झाला. फक्त मेसेज चार दिवस आधी निघायचा.

आणि पी.पी. कॉल? ‘पर्टिक्युलर पर्सन’. त्याला थोडा जादा आकार पडायचा. मग आम्ही आधी पलीकडे विचारायचो, अमुक-अमुक आहेत का, बोलावता का. ते माणूस प्रत्यक्ष फोनवर आलं की मगच तीन मिनिटं मोजायला सुरुवात. पलीकडचं माणूस बोलायला मोकळं आहे की नाही, हे आधी कळावं म्हणून लोक पदरचे पैसे मोजत होते. मुलगा तुमच्याकडे फुकटातला पी.पी. कॉल मागतोय.

‘काही अर्जंट?’ हे वाक्य तुम्हाला लागलं. आम्ही दिवसभर तेच विचारायचो. १८० फिरवून लोक कॉल बुक करायचे आणि आम्ही म्हणायचो, ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग? अर्जंटला दुप्पट दर, लाइटनिंगला त्याहून कितीतरी जास्त. कुणाला त्यात अपमान वाटल्याचं मला आठवत नाही. उलट खिशाला हात घालावा लागे म्हणून माणूस खरं सांगायचा. मुलगा झाल्याची बातमी? ऑर्डिनरी. बाळ कुठे पळून चाललंय! कोर्टाची तारीख उद्यावर आली असली तर अर्जंट. लाइटनिंग म्हटलं की बोर्डावरच्या आम्ही बायका एकमेकींकडे बघायचो, कारण ती बातमी बहुधा चांगली नसायची.

पुढे दर उतरत गेले. एसटीडी आलं, म्हणजे बाहेरगावचा नंबर आपला आपण फिरवता येऊ लागला, पिवळे बूथ आले, रात्री उशिरा दर पाव होई म्हणून बूथसमोर रांगा लागल्या. १९९५ साली मोबाइल आला, तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. ते २००३ मध्ये थांबलं. २०१६ नंतर तर बोलणं जवळजवळ फुकटच झालं. चांगलंच झालं, पण त्यात एक सोय गेली. कुठलं बोलणं किती निकडीचं, हे दरावरून कळायचं, ते कळेनासं झालं. आता तुमचा ‘मेथीची भाजी पाठवू का’ हा फोन आणि ‘बाबांच्या छातीत दुखतंय’ हा फोन त्याच्या खिशात सारखाच वाजतो. पहिल्यासाठी तो उठून बाहेर आला की दुसऱ्या वेळी कट करतो. भीती वाटावी ती याची.

तेव्हा घरातल्या घरात फोनचे तीन प्रकार ठरवा. ऑर्डिनरी म्हणजे मेसेज किंवा बोलून पाठवलेला निरोप. उत्तर त्याच दिवशी, पण त्याच्या सवडीनं. अर्जंट म्हणजे एकदा रिंग; त्यानं तासाभरात फोन करायचा. लाइटनिंग म्हणजे लागोपाठ दोनदा रिंग. तो जिथे असेल तिथून उठेल. फोन गप्प ठेवला तरी त्याच माणसाचा लगेच दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजू द्यायचा, अशी सोय हल्लीच्या फोनमध्ये असते. ती मुलाकडून चालू करून घ्या. आणि लाइटनिंग मेथीसाठी वापरू नका, नाहीतर सगळंच मुसळ केरात.

आता मुलाला दोन शब्द. त्याला हे पान दाखवा. बाळा, ‘नंतर करतो’ ही वेळ नव्हे. बोर्डावर आम्ही सांगायचो, ‘मुंबईची लाइन भरलेली आहे, दीड तास लागेल.’ माणसं बिनतक्रार दीड तास काढायची. स्वयंपाक करायची, दुकानात जाऊन यायची. ‘बघतो, लागेल’ असं एखादी नवी मुलगी बोलून गेली की तेच गिऱ्हाईक दर दहा मिनिटांनी फोन करून जीव खायचं. आईला ‘साडेसातला, कंपनीच्या बसमध्ये बसलो की’ असं सांग. ती त्याआधी फोन करणार नाही.

तुझा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत कापलेला आहे आणि ते तुकडे दुसरेच लोक येऊन भरतात, हे मला कळतं. भाचीच्या लॅपटॉपवर ते रंगीत कॅलेंडर पाहिलंय. तिनं स्वतः भरलेला एकच चौकोन होता, ‘जेवण’, आणि त्यावरही कुणीतरी मीटिंग टाकली होती. पण आई रिटायर, म्हणजे तिला काय काम, हे डोक्यातून काढ. तिचाही दिवस बांधलेला असतो. नळाला पाणी कधी येतं, कामवाल्या मावशी कधी येतात, सिलिंडरवाला कधी, बीपीची गोळी कधी. नोव्हेंबरात पेन्शनीच्या हयातीच्या दाखल्याचं काम असतं. हे कुठल्या कॅलेंडरवर दिसत नाही, म्हणून तुला ती सदा मोकळी वाटते.

आणि रात्री साडेदहाचा फोन बंद. ज्यांचं आयुष्य तारेच्या काळात गेलं त्यांना रात्रीची घंटा म्हणजे काहीतरी झालं, एवढंच माहीत असतं. तारसेवा १४ जुलै २०१३ ला बंद झाली, पण छातीतलं धस्स काही बंद झालेलं नाही. रात्री बोलायचंच असेल तर आधी मेसेज टाक, ‘जागी आहेस का? सहजच.’ यातला ‘सहजच’ विसरू नकोस.

काकू, बाबा एसटीत ड्रायव्हर होते. गाडी रात्री दहाची, सीट रिझर्व्ह, तरी आम्ही साडेआठला स्वारगेटवर. मी म्हणतो, नऊ चाळीसला रिक्षा केली तरी पोचतो. उलट मी मित्रांना फोनवर ‘पोचतोय, पाच मिनिटं’ म्हणालो आणि त्या वेळी टॉवेल शोधत असलो, की बाबांचा पारा चढतो. ‘खोटं बोलायला लाज वाटत नाही का?’ मित्रांना कळतं हो पाच मिनिटं म्हणजे किती! आमच्यात हा एवढाच विषय आहे, पण रोज आहे.
— वय २७, मूळ सांगली, सध्या पुणे

तुम्ही मित्रांशी खोटं बोलत नाही, आणि बाबाही उगाच कटकट करत नाहीत.

तुमच्या मित्रमंडळीत वेळ ठरत नाही, ती सरकत राहते. ‘निघालो’, ‘सिग्नलला आहे’, ‘लोकेशन टाकलंय बघ’. सगळ्यांच्या हातात फोन आहे, म्हणून शेवटच्या क्षणापर्यंत बदलता येतं आणि कुणाचं फारसं बिघडत नाही. बाबांच्या काळात घराचा उंबरा ओलांडला की निरोप द्यायची सोय संपायची. पाचला पुतळ्यापाशी भेटायचं ठरलं आणि तुम्ही पावणेसहाला पोचलात, तर पलीकडचा माणूस पाऊण तास ताटकळून, काळजी करून, शेवटी शिव्या घालत घरी गेलेला असायचा. सांगितलेली वेळ म्हणजे केलेली सही. ‘पाच मिनिटं’ म्हणून टॉवेल शोधणारा मुलगा त्यांना चेक देऊन खात्यात पैसे न ठेवणाऱ्यासारखा दिसतो.

शिवाय ते ड्रायव्हर. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली तेव्हापासून ती नोकरी चालते ती सुटण्याच्या वेळेवर. ड्रायव्हर गाडी सुटायच्या वेळी येत नाही. त्याआधी डेपोत येऊन लॉगशीट घ्यायची, टायर-पाणी बघायचं, गाडी फलाटाला लावायची. घरचे झोपेत असताना जो माणूस पहाटेच्या ड्यूटीला निघत होता, त्याला तुम्ही ‘रिक्षा केली तरी पोचतो’ म्हणून सांगताय! ‘तरी’ या शब्दाचीच त्यांना धास्ती आहे.

आता तुम्ही पत्रात लिहिलं नाही ते मी विचारते. साडेआठ ते दहा स्वारगेटवर बाबा काय करतात? माझा अंदाज सांगू? चहा घेतात. कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन कोण कुठल्या रूटला आहे ते विचारतात. उभ्या गाड्यांच्या पाट्या वाचतात. आणि मग तुमच्याशी बोलायला सुरुवात करतात, तर तुम्ही मान खाली घालून फोनमध्ये, दीड तास फुकट गेला म्हणून तोंड पाडून. बऱ्याच बापांना घरात समोरासमोर बसून बोलता येत नाही. वाट बघताना येतं. हातात कापडी पिशवी, समोर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या, एकमेकांच्या तोंडाकडे बघायची गरज नाही. जमिनीचं, बहिणीच्या लग्नाचं, गुडघ्याचं, सगळं तिथेच निघतं.

वाटणी करून टाका. जे थांबत नाही त्याची वेळ बाबा ठरवतील: गाडी, रेल्वे, दवाखान्याचा नंबर. जे थांबतं त्याची तुम्ही: हॉटेल, नातेवाईक, सिनेमा. साडेआठच्या ऐवजी नऊ एवढं मागून बघा, मिळेल. आणि मित्रांना जे सांगायचं ते बाबांच्या कानाआड सांगा, किंवा टॉवेल आधी शोधून ठेवा.

माझं लग्न डिसेंबरात आहे. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३७ मिनिटं. आजोबा म्हणतात, मिनिट चुकता कामा नये. सासरचे मामा म्हणतात, वरात नाचत येणार, अर्धा तास इकडे-तिकडे. मी आणि होणाऱ्या नवऱ्यानं सकाळी सातपासूनचा पूर्ण तक्ता करून ग्रुपवर टाकला, तर सगळे नुसते अंगठे दाखवून मोकळे. आई म्हणते, ‘लग्नं अशी तक्त्यावर होत नसतात.’ मग कशी होतात?
— वय २८, छत्रपती संभाजीनगर

घोळात होतात, आणि तरी होतात. पण तुमच्या घरात गंमत वेगळीच आहे. आजोबांना एका मिनिटाची चाड आहे, बाकी दिवस कसाही जावो. तुम्हाला सगळ्या मिनिटांची आहे, कारण फोटोग्राफर, मेकअपवाली आणि हॉल तिघंही तासावर पैसे घेतात. मामांना एकाही मिनिटाची नाही; पण प्रत्येक लग्नात असे एक मामा लागतात.

आजोबांच्या लहानपणी खेड्यातल्या लग्नात भटजींकडे घटिकापात्र असायचं. पाण्यानं भरलेल्या घंगाळात तांब्याची वाटी सोडायची, तिच्या तळाला बारीक छिद्र. पाणी भरत भरत ती बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. दिवसरात्रीच्या साठ घटका. ती वाटी मांडवात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असायची. पोरंसोरं भोवती बसून बघायची. वेळ कुठवर आली हे विचारावं लागत नव्हतं. तुमचा तक्ता प्रत्येकाच्या खिशात आहे, म्हणजे कुणाच्याच डोळ्यांसमोर नाही. तो मोठ्या अक्षरात छापा आणि तीन ठिकाणी लावा: वधूपक्षाच्या खोलीबाहेर, स्वयंपाक्यांच्या दारात आणि चहाच्या टेबलापाशी. आणि ग्रुपवरच्या अंगठ्यावर विसंबू नका. मोठ्या माणसांचा अंगठा म्हणजे ‘पोरगी हुशार आहे’. मजकूर वाचला असा त्याचा अर्थ होत नाही. ज्यांच्याकडे काम आहे त्यांना एकेकाला फोन करून त्यांची एकच वेळ सांगा. आत्याला सगळा तक्ता नको. आत्याला ‘गौरीहराचं साहित्य साडेदहाला’ एवढंच.

वरातीचं मामांशी बोलूच नका, बँडवाल्याशी बोला. तो अमुक वाजता वाजवणं थांबवणार हे आधीच ठरलं, की नाचणारे आपोआप मांडवाकडे वळतात.

तक्त्यातल्या बाकी ओळींना मात्र पंधरा-पंधरा मिनिटांची ढील द्या. हळद आणि नाश्ता यांच्यामध्ये तुम्ही पाच मिनिटं ठेवली असणार, मला पत्रावरूनच दिसतंय. काकवा, मावश्या, आज्या वर्षांनी भेटतात, त्या मध्येच बोलत उभ्या राहणार. त्या उभ्या राहाव्यात म्हणूनच तर बोलावलंय.

आजोबांना त्या ३७व्या मिनिटाचे पूर्ण अधिकार द्या. त्यांनी घड्याळ बघून भटजींना खूण करायची आणि मग ‘सावधान’. मिनिटाबद्दल एक आपलं ऐकीव-वाचीव सांगते, त्यांनाही आवडेल. भारतीय प्रमाणवेळ आली १९०६ साली, पण मुंबई महापालिकेनं आपली जुनी मुंबई वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. रेल्वेचं घड्याळ एक सांगणार आणि महापालिकेचं दुसरं. त्या सगळ्या वर्षांत मुंबईत लग्नं लागतच होती, आणि ‘कुठल्या घड्याळानं?’ हा प्रश्न पत्रिका हातात घेऊन कुणीतरी नक्की विचारत असणार.

मी न्यू जर्सीत, बाबा साताऱ्यात एकटे. दर रविवारी माझ्या सकाळी साडेआठला व्हिडिओ कॉल. नोव्हेंबर आला की बाबा रुसतात, ‘आता तू तासभर उशिरा करतेस’. मी कितीदा समजावलं की आमचं घड्याळ बदलतं. आणि खरं सांगू? कॉलवर बोलायला काही नसतं. जेवलात का, पाऊस आहे का, औषधं घेतली का. वीस मिनिटं हजेरी लावल्यासारखी जातात.
— वय ४१, न्यू जर्सी

पहिला प्रश्न सोपा आहे. तुमच्याकडे उन्हाळ्यात फरक साडेनऊ तासांचा, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेदहाचा. तुम्ही साडेआठ पकडून ठेवलंत, म्हणून बाबांचे सहा एकदम सात झाले. ते संध्याकाळी सहाला इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले असतात आणि तुम्ही त्यांना भूगोल शिकवताय! साताऱ्याचे सहा कायम ठेवा. हिवाळ्यात तुम्ही साडेसातला उठा. महायुद्धाच्या काळात, १९४२ ते ४५, आपल्याकडेही घड्याळं तासभर पुढे केली होती. ते सोडलं तर साताऱ्याच्या घड्याळाला असं काही करायची सवय नाही. (युरोपातल्या वाचकांनी नोंद घ्यावी, तुमचं बदलतं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. तुमचेही बाबा रुसत असतील.)

दुसरं जरा अवघड. वीस मिनिटं ठरवून समोरासमोर बसायचं आणि बोलायचं, ही मुलाखत झाली. घरात राहणारी माणसं अशी बोलतात का? बाप पेपर वाचतो, मुलगी भाजी निवडते, मध्येच एक वाक्य येतं, मग दहा मिनिटं काही नाही. ट्रंक कॉलवर असं गप्प बसणं परवडत नव्हतं. पलीकडे शांतता झाली तर लाइन तुटली की काय म्हणून आम्हीच मध्ये ‘हॅलो, बोला’ म्हणायचो. आता परवडतं, तर तुम्ही अजूनही मिनिटं भरून काढताय.

फोन ओट्यावर टेकवून ठेवा आणि तुमचा रविवारचा स्वयंपाक करा. बाबांना सांगा, तुमचं काय चाललंय ते चालू द्या. ते टीव्हीवर बातम्या लावतील, लावू दे. मुलगा झोपेतून उठून मागून जाईल, त्याला ‘आजोबांशी बोल’ म्हणून पुढ्यात ढकलू नका. तो दूध पीत असलेला आजोबांना दिसला तरी पुरे. पाऊण तासानं बाबाच विचारतील, ‘त्या कढईला काय झालं?’ आणि मग बोलणं सुरू होईल.

आजी, माझे आजोबा व्हॉट्सॲपवर सात-सात मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवतात. मी ते दीडपट वेगानं ऐकते. दादा म्हणतो, हा त्यांचा अपमान आहे. खरंच का?
— इयत्ता दहावी, डोंबिवली

नाही. आजोबांनी निरोप पाठवला, तू तो पूर्ण ऐकलास. घरातले निम्मे लोक पहिल्या अर्ध्या मिनिटानंतर ऐकतच नसतील.

फक्त शेवटचं एक मिनिट साध्या वेगानं ऐक. ट्रंक कॉलवर आम्ही ‘तीन मिनिटं होत आली’ असं सांगितलं की लोकांना खरं काम आठवायचं. तोवर हवापाणी, गुरंढोरं, अमक्याचा तमका. आणि मग घाईघाईनं, ‘अगं, आणि ते डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी आहे.’ आजोबांचंही महत्त्वाचं बहुधा तिथेच असतं, आणि दीडपट वेगात ते निसटतं.

उत्तर देताना अंगठा किंवा बदाम पाठवू नकोस, बोलून पाठव. वीस सेकंदाचं चालेल. ते ती वीस सेकंदं चारदा ऐकतील आणि शेजारच्यांनाही ऐकवतील, तेव्हा जपून बोल. दुसरं म्हणजे, कधीतरी सरळ फोन कर. निरोपात मध्ये कुणी थांबवणारं नसतं म्हणून माणूस लांबतो. पलीकडून ‘हं, मग?’ म्हणणारं कुणी असलं की तेच आजोबा चार मिनिटांत आटोपतील.

परीक्षा जवळ आली की त्यांना स्पष्ट सांग, ‘रोज एकच मेसेज, रात्री आठच्या आत.’ कारण सांगितलंस तर पाळतील. आणि दादाला विचार, तो स्वतः किती वेगानं ऐकतो.